साठीची बुद्धि आणि पैशाचा व्यवहार

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण मराठी घरांत कधीं थट्टेनें तर कधीं रागानें उच्चारली जाते, आणि ज्याच्याविषयीं ती उच्चारावयाची तो वृद्ध गृहस्थ बहुधा समोरच बसलेला असतो. या म्हणीनें दोन्ही बाजूंनीं नुकसान केलें आहे. जो सत्तराव्या वर्षींहि मुलाच्या हिशेबांतील चूक बोट ठेवून दाखवूं शकतो, त्याला ती विनाकारण निकालांत काढते. आणि ज्याची पैशाविषयींची समज खरोखरच उणावूं लागली आहे तो, आपल्याला तर शाळेंतल्या कविता अजून पाठ आहेत, तेव्हां ही म्हण आपल्याला लागू नाहीं, असें समजून निर्धास्त राहतो. उतारवयांत बुद्धीचें नेमकें काय होतें, आणि तें होत असतां मनुष्य पैशाच्या व्यवहारांत कोठें उघडा पडतो, हें थोडें खोलांत जाऊन पाहण्यासारखें आहे.

प्रश्न नवा नाहीं, पण त्याचें स्वरूप पालटलें आहे. पूर्वीं वृद्ध माणसाची संपत्ति म्हणजे जमीन, घर आणि पेटींतले दागिने. त्यांतलें कांहींहि एका दुपारींत नाहींसें होत नसे. विकावयाचें म्हटलें तर तें चार माणसांच्या कानांवर जात असे. आज नोकरदार मनुष्य निवृत्त होतो तेव्हां भविष्यनिर्वाह निधि, ग्रॅच्युइटी, आणि पेन्शनचा कांहीं भाग विकून आलेली रक्कम, असे पैसे एकदम त्याच्या खात्यांत येऊन पडतात. पस्तीस वर्षें ज्यानें महिन्याच्या पगाराला महिन्याचा खर्च जुळविला, त्याला आयुष्यांतील सर्वांत मोठी रक्कम नेमकी अशा वयांत हाताळावी लागते, कीं बुडाल्यास ती भरून काढण्यास पुढें पगार उरलेला नसतो. आणि ती रक्कम खिशांतील फोनवरून पांच मिनिटांत परमुलखांत जाऊं शकते. २०११ च्या जनगणनेंत साठ वर्षें पूर्ण झालेलीं माणसें भारतांत दहा कोटींहून अधिक भरलीं होतीं. ती संख्या तेव्हांपासून वाढतच आहे.

रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञानें बुद्धीचे दोन प्रकार मानले. एक, नवी गोष्ट झटकन उमजण्याची, चार आंकडे एकाच वेळीं डोक्यांत धरून त्यांची तुलना करण्याची शक्ति. दुसरा, अनुभवानें व वाचनानें सांठत गेलेली जाण. पहिली शक्ति तारुण्यानंतर हळूहळू ओसरूं लागते; जाण पुष्कळ उशिरापर्यंत टिकते, किंबहुना वाढतेहि. भाजीवालीशीं घासाघीस करणाऱ्या आजीबाईंना पहिल्या शक्तीची फारशी गरज पडत नाहीं. चाळीस वर्षांची जाण त्यांना पुरते. परंतु टेबलापलीकडचा तरुण जेव्हां ‘पांच वर्षें भरा, बारा वर्षांनीं दुप्पट, शिवाय विम्याचें कवच’ असा नवा बेत घडाघडा सांगूं लागतो, तेव्हां जुनी जाण कामास येत नाहीं, कारण तसली वस्तु पूर्वीं कधीं पाहिलेलीच नसते.

अमेरिकेंतील चार अर्थशास्त्रज्ञांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, कर्जावरील व्याज आणि दंडाच्या रकमा कोणत्या वयाचीं माणसें कमींत कमी भरतात हें पाहिलें. उत्तर आलें, सुमारें त्रेपन्न. त्याअगोदर अनुभव अपुरा, त्यानंतर चपळाई उतरती. म्हणींतील साठीचा आंकडा तेव्हां अगदींच हवेंतला नाहीं, असें कोणी म्हणेल; परंतु त्रेपन्नाव्या वर्षीं कांहीं कडा कोसळत नाहीं, उतार सौम्य असतो, आणि माणसामाणसांत अंतर फार असतें. अधिक विचार करण्याजोगी गोष्ट २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन पाहणींत पुढें आली. साठीनंतर पैशाविषयींच्या साध्या प्रश्नांचीं बरोबर उत्तरें देण्याचें प्रमाण दरवर्षीं सुमारें एक टक्क्यानें घटत जातें. पण आपल्याला पैशांतलें कळतें हा विश्वास मात्र घटत नाहीं. खरी मेख येथें आहे. डोळ्यांना कमी दिसूं लागलें कीं अक्षरें पुसट होतात आणि मनुष्य आपण होऊन चष्मा करावयास जातो. पैशाची समज उणावते तेव्हां कांहींच पुसट होत नाहीं.

पुढची पायरी रोगाची. एकट्यानें राहणाऱ्या ऐंशी हजारांहून अधिक वृद्ध अमेरिकन माणसांचे कर्जफेडीचे दाखले तपासून २०२१ सालीं एक संशोधन प्रसिद्ध झालें. ज्यांना पुढें स्मृतिभ्रंश झाल्याचें निष्पन्न झालें, त्यांचे हप्ते चुकण्याचें प्रमाण निदानापूर्वीं सहा वर्षांपासूनच इतरांहून अधिक होतें. म्हणजे जें वैद्याला नंतर कळलें तें खातेवहींत आधींच उमटलेलें होतें. घरांतल्या माणसांना नातवाचें नांव विसरलेलें पाहून धसका बसतो. विजेचें बिल दोनदां भरलें गेलें तर मात्र ‘असूं द्या, पुढच्या महिन्यांत वळतें होईल’ एवढ्यावर तें प्रकरण मिटतें. एका चुकीनें कांहीं सिद्ध होत नाहीं, हेंहि खरें. ज्यानें जन्मांत कधीं हिशेब लिहिला नाहीं त्याच्या गोंधळाला फारसा अर्थ नसतो. पण ज्या गृहस्थानें पै-पैची वही ठेविली, त्याच्या वहींत कोरीं पानें दिसूं लागलीं, ठेवीच्या पावत्या भलत्याच ठिकाणीं सांपडूं लागल्या, किंवा सुटे पैसे मोजतांना तो नातवाच्या पुढें हात करूं लागला, तर तो पालट ध्यानांत घेण्याजोगा आहे. तुलना शेजाऱ्याशीं करावयाची नसते. त्या माणसाच्याच दहा वर्षांपूर्वींच्या संवयींशीं करावयाची असते.

विश्वासाची गोष्ट याहून नाजूक आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं तरुणांना व वृद्धांना अनोळखी चेहऱ्यांचीं छायाचित्रें दाखविलीं. तो प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. भले दिसणाऱ्या चेहऱ्यांविषयीं दोघांचें मत जुळलें. ज्या चेहऱ्यांकडे पाहून तरुण सावध झाले, ते मात्र वृद्धांना तितकेसे वाईट वाटले नाहींत. आणि अशा वेळीं मेंदूचा जो भाग मनुष्याच्या पोटांत धस्स करवितो, तो वृद्धांमध्यें मंद राहिला. छायाचित्र पाहणें निराळें आणि पेन्शनचे पैसे कोणाच्या हवालीं करणें निराळें. तेव्हां या प्रयोगावर फार मोठी इमारत उभारूं नये. दिवसभर ज्याच्याशीं कोणी दोन शब्द बोललेलें नाहीं, त्याला ‘आजोबा, जेवलांत का?’ असें विचारणारा फोनवरचा आवाज गोड लागतो, हें समजण्यास मेंदूच्या प्रयोगाचीहि जरूरी नाहीं.

परक्या माणसानें केलेल्या फसवणुकींत अलीकडे सर्वांत गाजलेली युक्ति म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. फोन येतो, तुमच्या नांवच्या पार्सलांत अमली पदार्थ सांपडले आहेत, अथवा तुमच्या आधार क्रमांकावर उघडलेल्या खात्यांतून काळा पैसा फिरला आहे, असें सांगण्यांत येतें. मग व्हिडिओवर गणवेश घातलेला मनुष्य दिसतो, त्याच्या पाठीमागें पोलीसठाण्याचा देखावा असतो, आणि न्यायालयाच्या शिक्क्याचा हुकूम समोर धरला जातो. फोन बंद करावयाचा नाहीं, खोलीचें दार उघडावयाचें नाहीं, मुलाला कळवावयाचें नाहीं. कळविल्यास त्यालाहि अटक होईल. असे तास जातात, कधीं दिवस जातात. शेवटीं ‘पडताळणीसाठीं’ सर्व ठेवी मोडून अमुक खात्यांत भरावयास सांगतात, आणि निर्दोष ठरतांच त्या परत मिळतील असें वचन देतात.

या जाळ्यांत निवृत्त डॉक्टर, प्राध्यापक व मोठे अधिकारीहि सांपडले, याचें लोकांना नवल वाटतें. तें वाटण्याचें कारण नाहीं. सरकारी कागदाचा मान राखण्यांत ज्यांचा जन्म गेला, त्यांच्यावरच सरकारी शिक्क्याची जरब अधिक बसते. गुंडाला असल्या फोनचें कांहींच वाटणार नाहीं. शिवाय भीतीनें व घाईनें विचारशक्ति बाजूस सारली जाते. दिशाभूल करणाऱ्या जाहिराती दाखवून अमेरिकेंत केलेल्या एका प्रयोगांत, जो २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, असें दिसलें कीं वृद्धांना आधीं रागावविलें काय किंवा हर्षभरित केलें काय, दोन्ही वेळां त्यांची ती वस्तु घेण्याची इच्छा बळावली. मन शांत असतां तसें झालें नाहीं. लबाडाला म्हाताऱ्याचें अज्ञान नको असतें, त्याची खळबळ हवी असते. भारतीय कायद्यांत फोनवरून अटक असा प्रकारच नाहीं, हें पंतप्रधानांनीं २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्यें साऱ्या देशाला सांगितलें होतें. तें ऐकलेला मनुष्यहि त्या घटकेला तें विसरतो. अशा वेळीं मुदतीपूर्वीं ठेव मोडावयास आलेल्या, घामाघूम झालेल्या वृद्धाला काउंटरवरच्या कारकुनानें ‘काका, पैसे कोणाला पाठवितां?’ एवढें विचारलें, तरी पुष्कळ काम होतें. आणि असे कारकून आहेत, हें त्यांच्या श्रेयार्थ सांगितलें पाहिजे.

पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें लागतें. एका खात्यांतून दहा खात्यांत पांगण्यापूर्वीं रक्कम अडविणें हा त्या व्यवस्थेचा हेतु आहे, म्हणून पहिल्या तासांना फार किंमत आहे. पण फसलेला वृद्ध बहुधा दोन दिवस कोणाशीं बोलतच नाहीं. त्याला पैशापेक्षां ‘साठी बुद्धि नाठी’चें भय अधिक वाटतें. ही दशा केवळ भारतांतलीच आहे असें नाहीं; अमेरिकेच्या एफ.बी.आय.कडे साठीपलीकडच्या माणसांनीं नोंदविलेली फसवणूक एकट्या २०२४ सालीं सुमारें ४८८ कोटि डॉलरांची होती.

कायदेशीर वेष घेतलेली फसवणूकहि असते. ठेव ठेवावयास आलेल्या वृद्धाच्या हातीं दीर्घ मुदतीची विमापॉलिसी देऊन पाठविणें हा तिचा नेहमींचा नमुना. दुसऱ्या वर्षीं हप्त्याची मागणी येते तेव्हां उलगडा होतो. २०२४ च्या नियमांप्रमाणें पॉलिसी हातीं पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करतां येते, एवढें ज्याच्या त्याच्या ध्यानांत असलें तरी पुरे.

परंतु या सर्वांहून अवघड प्रकार घरांतला. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ नाटकांतील गणपतराव बेलवलकर आपलें सर्व धन मुलांना वांटून देतात आणि मग बेघर होतात. १९७० सालीं रंगभूमीवर आलेलें हें नाटक पाहून प्रेक्षक रडत आले आहेत; आणि घरीं जाऊन त्यांच्यांतील कित्येकांनीं बक्षीसपत्रें केलींहि असतील. त्याला कारणें आहेत. महाराष्ट्रांत राहतें घर किंवा शेतजमीन पतिपत्नी, मुलगा, मुलगी अथवा नातवंडें यांना बक्षीस दिल्यास मुद्रांकशुल्क अवघें दोनशें रुपये आहे. इतर आकार वेगळे पडतात. ‘तुमच्या पश्चात् कोर्टकचेरी नको’ हें मुलाचें म्हणणेंहि पुष्कळदां सरळ मनाचें असतें. पण मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतला भेद बापाला नीट सांगितला जातो कीं नाहीं, याची शंका आहे. मृत्युपत्र करणारा हयात व शुद्धीवर असेपर्यंत तें दहादां बदलूं शकतो, फाडूं शकतो. बक्षीसपत्र एकदां दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नोंदलें गेलें आणि स्वीकारलें गेलें, कीं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणें तें सहसा मागें घेतां येत नाहीं. त्या दुपारपासून बाप स्वतःच्या घरांत पाहुणा होतो.

कायद्यानें वृद्धाला अगदींच वाऱ्यावर सोडलें आहे असें नाहीं. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें सोळावें कलम ‘गैरवाजवी दडपणा’चें आहे. वय, आजार किंवा शारीरिक व मानसिक क्लेश यांमुळें ज्याची मनःशक्ति क्षीण झाली आहे अशा माणसाशीं केलेला करार त्यांत मुद्दाम सांगितला आहे. उदाहरण म्हणून वयानें खचलेल्या रोग्याकडून अवाच्या सवा फी कबूल करवून घेणारा वैद्यहि कायदा करणाऱ्यांनीं दिला आहे. व्यवहार वरवर पाहतांहि अन्यायाचा दिसत असेल, तर दडपण आणलें नाहीं हें वरचढ पक्षानें सिद्ध करावयाचें. बक्षीसपत्रालाहि हें तत्त्व लागू पडतें. दीडशें वर्षांपूर्वींच्या या कलमाइतकें शहाणें कलम पुढच्या कायद्यांत क्वचितच सांपडेल. अडचण एवढीच, कीं दिवाणी दावा लढण्यास जें आयुष्य लागतें तें वादीजवळ शिल्लक नसतें.

म्हणून २००७ सालीं मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणें, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता घेऊन जो सांभाळ करीत नाहीं, त्याच्या नांवचें बक्षीसपत्र न्यायाधिकरण रद्दबातल ठरवूं शकतें. न्यायाधिकरण म्हणजे बहुधा प्रांतसाहेबांचीच कचेरी. ‘अटीवर’ हा शब्द महत्त्वाचा. ती अट नसेल तर या कलमाचा लाभ मिळत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२२ मध्यें सांगितलें. पुढें २ जानेवारी २०२५ रोजीं, मध्यप्रदेशांतील एका मातेच्या प्रकरणांत, मुलानें सांभाळाचें वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलेलें होतें. तेथें त्याच न्यायालयानें कायद्याचा उदार अर्थ लावून बक्षीसपत्र रद्द केलें व घराचा ताबा मातेला परत देवविला. तेव्हां बक्षीसपत्र करावयाचेंच असेल, तर सांभाळाची अट त्याच कागदांत स्पष्ट शब्दांत घालावी. तिनें चांगला मुलगा दुखावत नाहीं. दुखावला तर त्यावरूनहि कांहीं कळतें.

संयुक्त खात्याचाहि असाच विचार करावा. ‘दोघांपैकीं कोणीहि एक’ असें खातें सोयीचें खरें, पण त्यांतून दुसरा सर्व रक्कम एकट्याच्या सहीनें काढूं शकतो. मुखत्यारपत्राची गोष्ट आणखीच विचित्र आहे. बाप शुद्धीवर असतांना मोठ्या दूरदृष्टीनें मुलीला मुखत्यार नेमतो. परंतु कराराच्या कायद्याच्या दोनशें एकाव्या कलमाप्रमाणें, नेमणाऱ्याची मति नष्ट होतांच तो अधिकार संपतो. पाऊस सुरू झाला कीं मिटणारी ही छत्री आहे. त्यानंतर पालक नेमवून घेण्यासाठीं कुटुंबाला पुष्कळदां उच्च न्यायालयापर्यंत जावें लागतें. इंग्लंडांत २००५ चा कायदा २००७ सालीं अंमलांत आला; त्याप्रमाणें शहाणपणीं करून नोंदविलेला मुखत्यारनामा मति गेल्यावरहि चालूं राहतो. जपाननें २००० सालापासून, मनुष्य समर्थ असतांनाच त्यानें आपला भावी पालक करारानें निवडावा आणि वेळ येतांच न्यायालयानें त्या पालकावर देखरेख करणारा नेमावा, अशी सोय केली आहे. भारतांत असा कायदा व्हावयास हवा. तो नसल्यानें प्रामाणिक मुलेंहि खोट्या सह्यांच्या मार्गानें ढकललीं जातात.

अमेरिकेंतील रोखेविक्रेत्यांना २०१८ पासून एक छोटा नियम लागू आहे, तो घरगुती उपयोगाचा वाटतो. गिऱ्हाइकाकडून त्याच्या भरंवशाच्या एका माणसाचें नांव विचारून ठेवावयाचें. त्या माणसाला पैशाला हात लावतां येत नाहीं. कांहीं विपरीत दिसल्यास त्याला फक्त विचारलें जातें. पाहणारा डोळा एकाचा आणि सही करणारा हात दुसऱ्याचा, ही वांटणी चांगली आहे. मराठी घरांत ती कायद्यावांचूनहि करतां येते. मोठ्या ठेवी ज्या खात्यांत आहेत त्याला फोनवरून पैसे पाठविण्याची सोय जोडूंच नये. दूधवाला, औषधें यांसाठीं लहान खातें वेगळें असावें. महिन्यांतून एकदां पासबुक भरून आणावें आणि मुलीपुढें, पुतण्यापुढें किंवा जुन्या सहकाऱ्यापुढें मोठ्यानें वाचावें. अमुक रकमेपलीकडचा कोणताहि व्यवहार एक रात्र मध्यें गेल्याशिवाय करावयाचा नाहीं, असा नेम स्वतःच घालून घ्यावा. लबाड माणूस रात्र जाऊं देत नाहीं, म्हणून हा नेम त्याला पुरून उरतो.

हें सारें करतांना दुसऱ्या टोकाला जाण्याचें भय आहेच. बापानें दिंडीला दहा हजार दिले, किंवा विधवा बहिणीला पैसे पाठविले, एवढ्यावरून त्याचें चेकबुक काढून घेणारीं मुलेंहि आहेत. इंग्लंडच्या त्या कायद्यांत आरंभींच सांगितलें आहे, कीं निर्णय शहाणपणाचा नाहीं एवढ्यानेंच मनुष्य असमर्थ ठरत नाहीं. समर्थ माणसाच्या हातून त्याचाच पैसा काळजीच्या नांवाखालीं काढून घेणें, ही घरांतल्या फसवणुकीचीच सख्खी बहीण आहे. आणि ज्याच्या हातचा व्यवहार सुटला त्याची समज अधिकच लवकर गंजते. विचारावयाचें तें इतकेंच: दिलेली रक्कम किती, कोणाला, कशासाठीं, आणि उरलेलें किती, हें त्याला सांगतां येतें का? येत असेल तर दिंडी त्याची आणि दहा हजारहि त्याचे.

हा विषय घरांत काढावा कोणी, हा मोठा पेंच असतो. मुलानें काढला तर डोळा इस्टेटीवर आहे असें वाटतें. बापानें काढला तर मुलें ‘आतांच कशाला तें अशुभ’ म्हणून उठून जातात. पेन्शनरांना मात्र वर्षांतून एक दिवस आपोआप मिळतो. दर नोव्हेंबरांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ योजनेनें बँकेंत न जातांहि देतां येतो, आणि त्याच्याच नांवानें खोटे फोनहि येतात. फोनवर विचारलेला पेन्शनचा क्रमांक किंवा आलेला ओ.टी.पी. कोणालाहि सांगावयाचा नसतो. पण ज्याला जिना चढवतो त्यानें त्या दिवशीं बँकेंत जावें हें बरें. पासबुक, ठेवींच्या पावत्या, विम्याचे कागद त्या निमित्तानें कपाटाबाहेर निघतातच. सोबत आलेल्या मुलीनें ते सर्व एका वहींत उतरून घ्यावे, नॉमिनी म्हणून कोणाचें नांव घातलें आहे तें वाचून दाखवावें. पुष्कळ पावत्यांवर तें वारलेल्या माणसाचेंच निघतें. काम अर्ध्या तासाचें असतें. वही मात्र परत वडिलांच्याच कपाटांत ठेवावी आणि किल्ली त्यांच्याच जानव्याला किंवा कंबरेला राहूं द्यावी.